'पीएचडी करून काय?' तैपेईहून उत्तर

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर अधिवेशनात कोल्हापूरचे आमदार सतेज पाटील यांनी सारथीच्या (मराठा-कुणबी समाजासाठीची राज्य सरकारची संस्था) पीएचडी फेलोशिपला घातलेल्या २०० विद्यार्थ्यांच्या मर्यादेचा विषय काढला. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार म्हणाले, पीएचडी करून काय दिवे लावणार? गदारोळ झाला, खुलासे झाले. पण तो प्रश्न आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजून निघतो. शिरोलीत फौंड्री चालवणारा माझा मामा थेट मलाच विचारतो, "तू तिकडं करतोयस त्याचा उपयोग काय रं?"

मी इथं तैपेईत धातूच्या अणूंची सरळ साखळी असलेले रेणू बनवतो. सगळ्यात साधी साखळी तीन निकेल अणूंची. डायपिरिडिलअमीन आणि निकेल क्लोराइड नॅफ्थलीनमध्ये घालून आरगॉन वायूखाली, म्हणजे हवा लागू न देता, तापवायचं. नॅफ्थलीन म्हणजे कपाटातल्या डांबरगोळ्यांतलंच; ८० अंशांना वितळतं आणि २०० च्या पुढं गेल्यावरच उकळतं, म्हणून इतक्या उष्णतेला द्रावक म्हणून चालतं. मग पोटॅशियम ब्युटॉक्साइड टाकलं की अमीनवरचा हायड्रोजन सुटतो आणि चार लिगंड, म्हणजे धातूला धरून ठेवणारे हे अमीनचे रेणू, तीन निकेलभोवती पीळ घालून बसतात. गार झाल्यावर सगळ्याचा एक ढेकूळ होतो. हेक्झेननं नॅफ्थलीन धुऊन टाकायचं, उरलेलं डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवायचं आणि स्फटिक यायची वाट बघायची. दोन निकेलमधलं अंतर जेमतेम २.४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). निकेलऐवजी क्रोमियम घेतलं तर जरासुद्धा हवा आत जाऊन चालत नाही.

तीन निकेलचं हे संयुग पहिल्यांदा १९६८ साली बनलं. त्याची रचना क्ष-किरणांनी दिसली १९९१ साली. मधली तेवीस वर्षं त्यात तीन धातू एका रेषेत आहेत हे कुणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. पुढं तैवानात शिए-मिंग पेंग आणि टेक्सासात अल्बर्ट कॉटन यांच्या गटांनी हा विषय उचलला. तीन कोबाल्टच्या साखळीतली दोन अंतरं सारखी की लहानमोठी, यावर दोन्हीकडून कितीतरी लेख निघाले. स्फटिकात द्रावकाचे रेणू किती अडकलेत, त्यावरसुद्धा उत्तर बदलत होतं! २०११ मध्ये पेंग यांचा गट ११ निकेलपर्यंत पोचला. एकेका रेणूतून वीज किती वाहते तेही मोजून झालंय. क्रोमियमची साखळी निकेलपेक्षा चांगली वाहक निघाली. रेणूएवढी तार करता येईल का, हा यामागचा मोठा प्रश्न. बाजारात आज यातलं काहीही नाही, आणि मामाला मी तसंच सांगतो.

मामाचं निम्मं म्हणणं मला पटतं. नोकरीची अट म्हणून उरकलेल्या पीएचड्या आपल्याकडं आहेत. त्यावर उपाय परीक्षण कडक करण्याचा आहे, जागा आवळण्याचा नाही.

परदेशात सगळं सोन्याचं आहे असंही नाही. करार वर्षावर्षाचा, आईवडील दूर, पुढं काय ते माहीत नाही. फरक एवढाच की इथं विद्यार्थ्याचा भत्ता ठरल्या तारखेला जमा होतो, आणि स्फटिक आला की तो लगेच क्ष-किरणांच्या मशीनवर चढतो. आपल्या पोरांचा हात कमी नाही. शिवाजी विद्यापीठात शिकलेली मुलं तैवान-कोरियातल्या प्रयोगशाळांत उगीच घेतली जात नाहीत.

आणि वाट बघणं कोल्हापूरला नवीन आहे का? राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी हाती घेतलं. महाराज १९२२ साली गेले, धरण पुरं झालं स्वातंत्र्यानंतर. त्या पाण्यावर मामाचा ऊस उभा आहे. पहिल्या दहा वर्षांत हिशोब मागून कुणी काम बंद पाडलं असतं तर?

म्हणून सारथी असो की फेलोशिप देणाऱ्या बार्टी, महाज्योती या तशाच सरकारी संस्था असोत, माझी मागणी साधी आहे. निवड झालेल्या प्रत्येकाला नोंदणीच्या तारखेपासून दरमहा पैसे द्या, आणि तिसऱ्या वर्षी बाहेरच्या तज्ज्ञांकडून कामाची कसून तपासणी करा. पैसे रखडले की मुलगा दुपारनंतर शिकवण्या घ्यायला लागतो, आणि आरगॉनखाली रात्रभर चालणारी प्रक्रिया त्याला लावताच येत नाही.