सासऱ्यांच्या हाती पक्कड: सुनांसाठी काही उपयुक्त सूचना

तुमच्या घरी पंच्याहत्तरी ओलांडलेले सासरे आहेत आणि त्यांच्याकडे बिस्किटांच्या जुन्या डब्यात ठेवलेली गंजकी पक्कड आहे? अभिनंदन! तुम्हाला प्लंबर, गवंडी, इलेक्ट्रिशियन, कोणीच लागणार नाही. म्हणजे आधी नाही. नंतर सगळेच लागतात, एकदम.

तो डबा चुकूनही आवरू नका. टाकलेला वाकडा खिळा दुसऱ्याच दिवशी हवा असतो.

नळ गळायला लागला की त्याला सुतळी गुंडाळली जाईल. 'एवढ्याशा वायसरला माणूस कशाला गो बोलवायचा? तात्पुरतं होतंय.' आमचं तात्पुरतं गेल्या गणपतीपासून आहे.

घर चिऱ्याचं असेल तर खिळा ठोकताना समोर उभ्या राहू नका. जांभा भुसभुशीत, ड्रिलने भोक पाडून प्लग बसवावा लागतो. पण 'भिंत पोखरायची नाही' असा आमच्या सासऱ्यांचा, अण्णांचा, दंडक. मग हातोडा चालतो आणि वीतभर खड्डा पडतो. खड्ड्यावर कॅलेंडर लावा. कॅलेंडरला खिळा लागेल, हे मात्र बोलू नका.

मिरगाच्या आधी कौलं चाळायला ते स्वतः चढतील. त्यांना 3 जून 2020 आठवतो. निसर्ग वादळ श्रीवर्धनकडे धडकलं आणि आमच्या दापोलीकडेही कौलं-पत्रे उडाले. तेव्हा गडी मिळेना, पत्रा मिळेना, आणि अण्णांनी छप्पर धरलं. खरंच धरलं, नाही म्हणणार नाही. तेव्हा पायात बळ होतं. आता चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, पण शिडी कुठे आहे ते आठवतं.

आता पंप. पोफळींना शिंपायचा आमचा पंप पावसाळाभर बंद असतो. खाऱ्या हवेने आतून गंजला, जाम झाला. यंदा शिंपणं सुरू करायला बटण दाबलं तर मोटर नुसती गुणगुणली, फिरेना, आणि फ्यूज उडाला. अशा वेळी वीज तोडून मागचा पंखा हाताने फिरवून बघायचा, एवढंच काम असतं. हे मला शिकवलं कोणी? अण्णांनीच. पण त्या दिवशी त्यांना वाटलं, फ्यूजची तारच कमजोर. मग जुन्या केबलमधली जाडी तांब्याची तार काढून बसवली. फ्यूज पुन्हा उडाला नाही. उडणार कसा? वितळण्यासाठीच असते ना ती बारीक तार! जाडी तार टिकली आणि मोटरचं वाइंडिंग जळलं. धूर बघून अण्णा म्हणाले, 'कंपनीचा माल पूर्वीसारखा राहिला नाही.' मोटर गेली दापोलीला, रिवाइंडिंगला. रहाटाची दोरी आली माझ्या हातात. पोफळी पाण्यावाचून थांबत नाहीत हो.

आणि हे सगळं मेन स्विच न पाडता, विहिरीच्या ओल्या काठावर अनवाणी उभं राहून! 230 व्होल्ट वय बघतात का? 30 मिलिअँपिअर करंट गळला की वीज तोडणारा स्विच, आरसीसीबी, मी हट्टाने बसवून घेतला होता. तो सारखा पडतो म्हणून अण्णांनी बायपास केला. अहो, कुठेतरी करंट गळतोय म्हणूनच तो पडतोय ना!

त्या रात्री मुंबईहून फोन आला. सगळं ऐकून अण्णांचे चिरंजीव, म्हणजे माझा नवरा, हसले. 'करू दे गं, त्यांचा वेळ जातो. या वयात किती खमके आहेत बघ.'

तर आता सूचना पुरे. हे वाचत असलेल्या मुलग्यांनो, तुमच्याशीच बोलतेय. हे कौतुक बंद करा. तुमच्या एकेका वाक्यावर तो माणूस शिडीची एकेक पायरी चढतो, आणि खाली शिडी धरून मी उभी असते. मी नको म्हटलं की मी उद्धट. तुम्ही म्हणालात तर ते ऐकतील, पण वाईटपणा घ्यायचा नाही ना तुम्हाला? इलेक्ट्रिशियनला फोन तुम्ही करा. पैसे तुम्ही पाठवा. तो 'उद्या येतो' म्हणाला की उद्या परत फोन करा, तो येईपर्यंत करत राहा. तो बायपास याच आठवड्यात काढून घ्या. आणि बापाला सांगा की शिडीवर चढायचं नाही. स्वतःच्या तोंडाने सांगा, मला निरोप देऊ नका.