भाटकाराच्या जागेतले दुकान

गोव्यातल्या पेडण्याच्या बाजारात शेटच्या पसऱ्याला, म्हणजे किराणा दुकानाला, बाहेरून एक दगडी सोपा आहे. संध्याकाळी सहा वाजले की मास्तर, मोटारसायकलवरून भाड्याने माणसे पोचवणारा पायलट आणि मी तिथे टेकतो. शेट आतून वजनकाटा सांभाळत बोलतो. हल्ली माझा भाचाही येतो, आणि तो आला की गप्पा मोबाइलवर जातात. परवा मात्र वाद इतका रंगला की घरी आल्यावर लिहून काढावासा वाटला, कारण तो आमच्या पोटापाण्याचा होता: घरचा माल मोबाइलवरून कसा विकायचा.

आमची घरची कोकमाचे आगळ (खारवलेला रस), सोलां (वाळवलेली कोकमाची साले), मिस्कूट (कैरीचे लोणचे) आणि हरमल मिरचीची पूड करून विकते. भाच्याने तिचा आगळ गाळतानाचा व्हिडिओ टाकला होता.

"मामा, अडीच लाख लोकांनी पाहिला," तो म्हणाला. "आता मास्तर सांगतात ते ब्लॉगवर लेख लिहिण्याचे वेड सोडा. रोज एक रील टाकूया."

"बाटल्या किती गेल्या?" शेटने आतूनच विचारले.

एकोणीस. खरे ते सांगितले. त्यातल्या दोन कुरियरमध्ये फुटल्या, एकीच्या बुचातून आगळ झिरपून शेजारचे मिस्कुटाचे पाकीट लाल झाले. तिघांनाही नवा माल पाठवला, पदरच्या पैशांनी.

"बघ," शेट म्हणाला. "माल बरा असला की गिऱ्हाईक पायांनी चालत येते. माझ्या आजोबांनी कधी पाटी लावली नाही."

शेटचे हे मला पटत नाही आणि मी ते त्याला तोंडावर सांगितले. तो तांदूळ-साखर विकतो, ती गावाला लागतेच. पण पेडण्यात आगळ विकत कोण घेणार? इथे दारचे कोकम दारात पडते. आमचे गिऱ्हाईक पणजीच्या फ्लॅटमध्ये आहे, पुण्यात आहे, ठाण्यात आहे. मे महिन्यात गावी येऊन पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून न्यायला ज्यांना आता रजा मिळत नाही, अशी ती माणसे. ती पायांनी चालत येणार नाहीत. त्यांच्यापर्यंत आपल्यालाच जावे लागेल, आणि रस्ता मोबाइलमधूनच जातो. इथपर्यंत मी भाच्याच्या बाजूने आहे.

पुढे मात्र नाही. दोन वर्षांपूर्वी आमचे पान बंद झाले. कुठल्या माध्यमावरचे ते सांगत नाही. मे महिन्याचा पहिला आठवडा, ऐन पुरुमेंताचे दिवस. सकाळी उघडायला गेलो तर आत जाता येईना. कारण कळले नाही, अर्जाला उत्तर आले नाही. चार वर्षांचे फोटो, गिऱ्हाइकांचे निरोप, कोणाला तिखट कमी लागते, कोण दर वर्षी सासूसाठी दोन बाटल्या जास्त मागवते, सगळे त्या दाराआड राहिले. घरची त्या दिवशी जेवली नाही. सोलां उन्हात होती, तीही तिने उचलली नाहीत, मी उचलली.

मास्तरांनी हे ऐकले होते, तरी पुन्हा ऐकून घेतले. मग म्हणाले, "तुम्ही मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे, होऊन बसलात. जागा भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, घर तुम्ही बांधले, माड तुम्ही शिंपला, आणि एक दिवस त्याने काटेरी कुंपण घातले. पण मुंडकाराला निदान १९७५ चा कायदा आहे, भाटकाराला त्याला असे उठवता येत नाही. इथे तुम्ही कुठल्या मामलेदाराकडे जाणार?"

सोप्यावर क्षणभर कोणी बोलले नाही. आमच्यातल्या दोघांच्या घरात मुंडकारीचे खटले झालेले आहेत.

"आणि दर वेळी भाटकार दुष्टच असतो असेही नाही," मास्तर पुढे म्हणाले. "कधी भाट, म्हणजे ती जमीनच, राहत नाही. फेसबुकसारखेच असलेले ऑर्कुट २०१४ मध्ये मिटले. गूगल प्लस २०१९ मध्ये. टिकटॉकवर ज्यांनी दुकान मांडले होते, त्यांना जून २०२० मध्ये सरकारच्या एका आदेशाने उठावे लागले. छोट्या दुकानदारांना गूगल फुकट वेबसाइट करून देत असे, तीही मार्च २०२४ मध्ये बंद झाली."

भाचा गप्प बसणारा नाही, आणि त्याचा मुद्दा खरोखर चांगला होता. "मास्तर, तुमचा ब्लॉग तरी कुठे स्वतःचा? वेबसाइटचे नाव वर्षाच्या भाड्याचे, लिहिलेले जिथे साठते तो सर्व्हर दुसऱ्याचा. म्हणजे तोही मुंडकारच."

मास्तरांनी मान हलवली. "बरोबर. पण नावाचे भाडे वेळेवर भरत राहिलास तर ते तुझ्याकडेच राहते. सर्व्हरवाला बिघडला तर लिहिलेले उचलून दुसरीकडे नेता येते, पत्ता तोच राहतो. गिऱ्हाइकाला कळतही नाही. रीलवरचे अडीच लाख लोक उचलून नेता येतात का?"

नाही येत. माझ्या मते सगळा वाद या एका प्रश्नावर उभा आहे. काय उचलून नेता येते आणि काय नाही. त्या अडीच लाखांतल्या एकाचाही पत्ता आमच्याकडे नाही. ज्या एकोणीस जणांनी बाटली घेतली त्यांचे नाव, गाव, फोन वहीत आहे. वही पावसात भिजली नाही तर ती आमची आहे, म्हणून तिची एक प्रत मी आता संगणकातही ठेवतो.

पायलट इतका वेळ चहा पीत होता. तो म्हणाला, "तुमचे मोठे सोडा. भाऊ, तुमचे घर नकाशावर चुकीच्या जागी आहे. गेल्या आठवड्यात हरमलहून एक जोडपे मिरचीची पूड न्यायला आले. मोबाइल त्यांना शाळेमागच्या वाटेवर घेऊन गेला. मी भेटलो म्हणून ती पोचली. भेटलो नसतो तर?"

हे मला खरेच माहीत नव्हते. व्हिडिओ, लेख यांवर आम्ही वर्षभर भांडतोय आणि घराची खूणच चुकलेली! भाच्याने तिथल्या तिथे गूगलच्या नकाशावर खूण हलवली, फोन नंबर घातला, वेळ घातली, चवथीचे पाच दिवस बंद असे आधीच नोंदवले. पैसा लागला नाही, दहा मिनिटे गेली. छोट्या धंदेवाल्याने सगळ्यात आधी हे करावे. पायलट रोज रस्त्यावर असतो, त्याला दिसते ते आम्हाला बसल्या जागी दिसत नाही.

मग व्हॉट्सअॅपचे निघाले. भाच्याला ते म्हाताऱ्यांचे वाटते. पण आमचा निम्म्याहून जास्त माल तिथून जातो. एप्रिलच्या अखेरीस घरची एकच निरोप पाठवते: आगळ तयार आहे, इतक्या बाटल्या आहेत. दोन दिवसांत संपतात. एक गोष्ट मात्र आम्ही उशिरा शिकलो. ब्रॉडकास्टचा, म्हणजे यादीतल्या सगळ्यांना एकदम धाडलेला, निरोप ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच पोचतो, आणि एका यादीत २५६ नावेच बसतात. पहिल्या वर्षी वाटले, लोक उत्तर देत नाहीत. त्यांना निरोप मिळतच नव्हता! आता बाटलीच्या लेबलवर अन्न परवान्याच्या १४ अंकी क्रमांकाखाली छापले आहे, 'नंबर सेव्ह करा, पुढच्या वर्षी कळवू'.

लेखांबद्दल माझे मत मास्तरांसारखेच आहे, फक्त कारण वेगळे. रील वर येते आणि चार दिवसांत वाहून जाते. 'सोलकढीला किती आगळ घालायचे' हा प्रश्न मात्र पुण्यातली कोणी मुलगी आजही विचारते आणि पाच वर्षांनीही विचारील. त्याचे उत्तर मराठीत, आमच्या हातचे, नीट लिहिलेले असले तर ती शोधत शोधत आमच्यापाशीच येईल. आगळात मीठ असते, म्हणून कढीत मीठ शेवटी चाखून घालावे. हरमलची मिरची आणि काणकोणची खोला मिरची या दोन वेगळ्या, दोघींना स्वतःचे भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे एकीच्या नावावर दुसरी खपवू नये. आम्हाला हे पाठ आहे, पण मोबाइलवर शोधणाऱ्याला ते सहज सापडत नाही. हेच यूट्यूबवर सावकाश, सहा मिनिटांच्या व्हिडिओत दाखवले तरी चालेल. लोक तिथेही शोधतच येतात. भाच्याला हे पटले, कारण कॅमेरा त्याच्याच हातात राहणार.

त्याची आणखी एक सूचना होती. पुष्कळ फॉलोअर असलेल्या कोणा मुलीला पैसे आणि बाटल्या देऊन कौतुक करून घ्यायचे. मी नाही म्हटले. पैसे दिले असतील तर ती जाहिरात आहे असे ठळक सांगावे लागते, २०२१ पासून जाहिरातवाल्यांच्या परिषदेचा तसा नियम आहे. आणि तसे सांगूनही, जिने आगळ कधी चाखले नाही तिने 'आजीची आठवण आली' म्हणावे, हे मला सहन होणार नाही.

शेवटी मास्तरांनी खिशातून कागद काढला. म्हणाले, पहिला लेख आत्ताच सुरू करू, सांगा, आगळ किती दिवस टिकते आणि कशाने बिघडते? मला नीट सांगता येईना. घरी फोन लावून स्पीकरवर ठेवला.

तिने आधी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "ओला चमचा घातला की बिघडते, हे पहिले लिहा. व्हिडिओत माझे हात दाखवा, तोंड नको. आणि भाव वरच्या ओळीत घाला. त्या अडीच लाखांतले निम्मे मला नुसते 'भाव काय' विचारून गेले, प्रत्येकाला उत्तर देता देता माझी सोलां करपली."

मास्तरांनी कागदावर वर भाव लिहिला, मग ओला चमचा.