ओबीला दोन फटके दंड? पुन्हा मोजा

नव्याने गोल्फ शिकणाऱ्यांमध्ये एक संदेश हातोहात फिरतोय: ‘चेंडू हद्दीबाहेर गेला, हरवला, पाण्यात पडला, काहीही झालं तरी दंड दोन फटके. चेंडूला न लागता हवेतून फिरलेला क्लब (गोल्फची काठी) मोजायचा नाही. 1968 च्या मास्टर्स स्पर्धेत गोल्फपटू डी विसेंझोही असाच दंड बसून हरला.’ यातलं एकही वाक्य बरोबर नाही, आणि नवखे लोक त्यावर विसंबून कार्ड लिहितात याचं मला वाईट वाटतं.

आधी ओबी, म्हणजे ‘आउट ऑफ बाउंड्स’, हद्दीबाहेर. हद्दीबाहेर गेलेल्या किंवा तीन मिनिटांत न सापडलेल्या चेंडूला दंड एकच फटका, पण सोबत अंतरही जातं. आधीचा फटका जिथून मारला तिथूनच पुन्हा मारायचा. टीवरचा (होल जिथून सुरू होतो तिथला) वाया गेलेला फटका 1, दंड 1, म्हणून टीवरून पुन्हा मारता तो तिसरा. वाया गेलेला फटका आपण दंडातच धरतो आणि ‘दोन’ म्हणतो. टीवरून पुन्हा मारलेल्या त्या फटक्यासह चार फटक्यांत चेंडू होलमध्ये गेला तर एकूण 6. पार 4 ला, म्हणजे चार फटके अपेक्षित असलेल्या होलला, डबल बोगी (दोन जास्त).

खरे दोन फटके पडतात ते 2019 पासून कोर्स चालवणाऱ्यांना लावता येणाऱ्या स्थानिक नियमात. त्यात टीवर परतायचं नाही, फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्याच्या) बाजूला ड्रॉप घ्यायचा, म्हणजे चेंडू हाताने खाली सोडायचा, आणि पुढचा फटका चौथा धरायचा. हा नियम तुमच्या कोर्सवर लागू आहे का, ते खेळ सुरू होण्याआधीच विचारून घ्या.

पाण्याच्या भागातून चेंडू आहे तसा खेळलात तर दंड शून्य. बाहेर ड्रॉप घेतलात तर एक.

हवेतला फटका? चेंडू मारायच्या हेतूने क्लब फिरवला की एक फटका मोजायचा, दंड नाही. पवित्रा घेताना धक्का लागून चेंडू टीच्या खुंटीवरून घरंगळला तर मात्र काहीच मोजायचं नाही, पुन्हा टीवर ठेवा.

दोन फटके बहुतेक नियम मोडल्यावर पडतात. 2001 च्या ओपन स्पर्धेत, रॉयल लिदम कोर्सवर, शेवटच्या दिवशी संयुक्त आघाडीवर असलेल्या इयन वूझनमने पहिल्या होलवर बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) मारली. दुसऱ्या टीवर कळलं की बॅगेत पंधरावा क्लब आहे. मर्यादा चौदाची. दंड धरून पहिल्या होलवरच्या दोनाचे चार झाले.

आता डी विसेंझो. त्याला दंड झालाच नव्हता. सतराव्या होलवर त्याने 3 केले. त्याचं कार्ड लिहिणाऱ्या टॉमी आरनने 4 लिहिले, आणि डी विसेंझोने तशीच सही केली. प्रत्यक्षापेक्षा जास्त लिहिलेला आकडा कायम राहतो, म्हणून त्या फेरीचे 65 चे 66 झाले आणि बॉब गोल्बी एका फटक्याने जिंकला. नाहीतर दोघांची बरोबरी होती. उलट आकडा कमी लिहिलेला असता तर तो बादच झाला असता. तेव्हा सही करण्याआधी प्रत्येक होलचा आकडा तपासा. बेरजेची जबाबदारी खेळाडूची नसते, ती समिती करते.