स्कॉटलंड एका जागी बसत नाही

जलरंगांच्या पेटीत सगळ्यात आधी निळी ट्यूब संपते, असं आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई सांगायच्या. आभाळ निळं, समुद्र निळा, लांबचे डोंगर निळे. बाई कधी एडिनबरात राहिल्या नसाव्यात. इथे माझा अल्ट्रामरीन निळा लग्नातल्या शालूसारखा जपून ठेवल्या जागी आहे आणि पेन्स ग्रे नावाचा राखाडी मात्र दूध-ब्रेडच्या यादीत लिहावा लागतो. विल्यम पेन या इंग्लिश चित्रकाराच्या नावाचा हा रंग. त्याचे वारस असतील तर त्यांच्या घरखर्चाला माझा हातभार नक्की लागला असता.

मी रोजच्या फिरण्याची चित्रवही ठेवते. वॉटर ऑफ लीथ नदीच्या काठची पायवाट, बसथांब्यावर ताटकळणारी माणसं, ब्लॅकफर्ड हिलवरून दिसणारं गाव, असलं साधंसुधं. एका चित्राला अर्धा तास पुरतो. अडचण एवढीच, की स्कॉटलंड अर्धा तास एका जागी बसत नाही.

साउथ क्वीन्सफेरीला फोर्थच्या खाडीवरचा रेल्वेपूल काढायला गेले होते. 1890 साली सुरू झालेला, लालसर, अडीच किलोमीटर लांब. पोलादाचे तीन अवाढव्य सांगाडे पाण्यात पाय रोवून उभे. लख्ख ऊन होतं. पहिला सांगाडा मन लावून काढला, दुसरा जरा घाईनं, आणि तिसऱ्यासाठी मान वर करते तो तिसरा नाही! या पूर्व किनाऱ्यावर ऐन उन्हाळ्यात समुद्रावरून धुकं चालून येतं आणि एवढा पूल गिळून ढेकरही देत नाही. मागून एक आजोबा आले, वहीत डोकावले आणि म्हणाले, "छान आहे. पण तिसराही असतो हं." मी समोर बोट दाखवलं. त्यांनी नीट पाहिलं, "बरोबर आहे तुझं," असा निवाडा दिला आणि कुत्र्यासकट त्याच धुक्यात शिरले.

डोकावण्याचीही इथली एक रीत आहे. आपल्याकडे तुळशीबागेत वही उघडली तर मिनिटाभरात घोळका जमेल आणि "मॅडम, माझं पण काढा ना" सुरू होईल. इथे आधी हवेबद्दल दोन शब्द, मग कुत्र्याची ओळख, मग अगदी संकोचानं वहीकडे नजर. तोवर कुत्र्यानं ब्रश धुवायचं पाणी पिऊन टाकलेलं असतं. "काही होत नाही, तो काहीही पितो," असं मालक सांगतात. माझं पाणी संपलं, हा मुद्दा कोणाच्याच लक्षात येत नाही.

नवऱ्याला चालण्याचा नाद. त्याला मनगटावरच्या घड्याळाला पावलांचा हिशेब द्यायचा असतो. मी बसकण मारली की तो माझ्याभोवती प्रदक्षिणा घालू लागतो आणि दर फेरीला विचारतो, "झालं?" डिसेंबरात त्याची बाजू भक्कम असते; पावणेचारच्या आत सूर्य मावळतो, जेवून बूट घालेपर्यंत दिवस आटपलेला. जूनमध्ये मात्र रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे त्याचं "झालं?" दहापर्यंत चालतं.

गावातल्या गावात किल्ला काढावा म्हटलं, तर किल्ल्यावरून तोफ उडते. 1861 पासून, दुपारी बरोबर एक वाजता. पर्यटक दचकतात, गावकरी घड्याळ लावून घेतात, आणि माझी रेघ बुरुजावरून सुटते ती थेट स्टेशनात. रविवारी तोफ नसते, म्हणून आमच्या घरी किल्ला रविवारीच काढतात.

खाली प्रिन्सेस स्ट्रीटवर कादंबरीकार वॉल्टर स्कॉटचं स्मारक आहे. 61 मीटर उंच, सुळक्यावर सुळका, कोनाड्यांत पुतळे, आणि जुन्या धुरानं सगळं काळंभोर. ते काढायला घेणाऱ्याला कोणीतरी आधीच समजावायला हवं. त्याचा आराखडा जॉर्ज मीकल केम्प या माणसाचा. मूळचा सुतार, पायी गावोगाव हिंडत, जुन्या चर्चांची आणि मठांची चित्रं काढत शिकला, म्हणजे आमच्याच पंथातला. पण स्मारक पुरं झालेलं त्याला दिसलं नाही. 1844 मध्ये धुक्याच्या एका संध्याकाळी घरी जाताना तो कालव्यात पडून बुडाला. ही माहिती नवऱ्याला कळल्यापासून मी कालव्याकाठी वही उघडली, की मागून हाक येते, "केम्पबाई, जपून!"

हे सगळं झालं वारा असतानाचं. वारा म्हणजे वहीला चार चिमटे, रंगपेटीवर दगड, आणि तरीही पान फडफडत असतं. वारा पडावा म्हणून देव पाण्यात घालावेत, आणि तो पडला की मिज येतात. मिज हा इथल्या डोंगराळ भागातला चावरा कीटक. जेमतेम दोन मिलिमीटरचा, पण येतो ते ढगानं. चावतात फक्त माद्या; अंड्यांसाठी त्यांना रक्त लागतं. ताशी दहा-बारा किलोमीटर वारा असला तर त्यांना उडता येत नाही. म्हणजे वारा असेल तेव्हा मला बसता येत नाही आणि नसेल तेव्हा त्यांना माझ्यावर बसता येतं.

ग्लेनकोत थ्री सिस्टर्स शिखरांसमोर बसले तेव्हा पानही हलत नव्हतं. डोक्यावरून जाळी ओढून घेतली. ब्रशला टोक काढायला तो ओठांत धरायची माझी जुनी खोड. मध्ये जाळी असते हे ओठांना प्रत्येक वेळी नव्यानं कळायचं. हातांचं तर विचारूच नका. नवऱ्यानं जाळीआडून एकदाही "झालं?" विचारलं नाही, तो केव्हाच गाडीत जाऊन काचा लावून बसला होता. इकडे दमट हवेत आभाळ काही वाळेना, आणि दिसेल तो मिज त्या ओल्या राखाडीत येऊन चिकटायला लागला.

ते चित्र आईनं साताऱ्याला नेऊन हॉलमध्ये फ्रेम करून लावलंय. गेल्या खेपेस काका चष्मा लावून बराच वेळ त्याच्यासमोर उभे होते.

"डोंगर ठीक आहेत," ते म्हणाले, "पण आभाळातले पक्षी काय जिवंत काढलेस गं!"

"काढले तेव्हा जिवंतच होते, काका."