चार कॉर्ड, एक हमाल

पंक बँडमध्ये माणसं चार दिसतात, पण पाचवं असतंच. ते स्टेजवर चढत नाही, पोस्टरवर त्याचं नाव नसतं आणि त्याच्याकडे सात सीटची मिनीव्हॅन असते. न्यू जर्सीत, एडिसनमध्ये, आमच्या घरच्या बँडचं ते पाचवं माणूस मी.

कन्या गाते आणि गिटार वाजवते. ड्रमवर तिची शाळेपासूनची मैत्रीण, बासवर इटालियन घरातला एक ताडमाड पोरगा आणि दुसऱ्या गिटारवर एक मुलगा, ज्याच्या तोंडून पूर्ण वाक्य मी अजून ऐकलेलं नाही. वाजवतात ते दोन गोष्टींचं मिश्रण: जुनं डू-वॉप आणि पंक, म्हणजे धडाधड वेगाने वाजवलेलं रॉक. बँडचं नाव इथे छापण्यासारखं नाही. एका पक्ष्याचं नाव आहे आणि त्याला जोडून एक त्वचारोग. पक्षी का, तर जुन्या डू-वॉपवाल्यांमध्ये पक्ष्यांची नावं घ्यायची पद्धतच पडून गेली होती. रेव्हन्स, ओरिओल्स, क्रोज, फ्लेमिंगोज, पेंग्विन्स. त्वचारोग का, तर पंक. सहा महिन्यांसाठी सांगलीहून आलेल्या माझ्या आईने नाव विचारलं, तेव्हा मी पक्ष्यापाशीच थांबलो.

डू-वॉप ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक पोरगा आपल्याला सोडून गेलेल्या पोरीबद्दल गळा काढतो. मागे दोघं-तिघं ‘शू-बी-डू, शू-बी-डू’ करत त्याची समजूत घालतात. आणि सगळ्यांत खाली एक जाड आवाज ‘बॉम-बॉम-बॉम’ करत राहतो, म्हणजे त्याला काही झालेलंच नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर असल्या शहरांतल्या काळ्या पोरांनी रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून हे उभं केलं. पुढे ब्राँक्स आणि नेवार्कमधली इटालियन पोरंही त्यात आली. वाद्यं नव्हती, कारण वाद्यांना पैसे नव्हते. म्हणून बासचं काम एकाने गळ्याने केलं आणि बाकीचा वाद्यवृंद उरलेल्यांनी वाटून घेतला.

पंक त्यानंतरचं, क्वीन्समधल्या रामोन्स मंडळींचं. 1974मध्ये त्यांनी मॅनहॅटनच्या सीबीजीबी नावाच्या बारमध्ये वाजवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांची मुख्य अर्हता होती फारसं वाजवता न येणं. 1976च्या पहिल्या अल्बममध्ये 14 गाणी आहेत आणि तो अर्ध्या तासाच्या आत संपतो. आमच्याकडे एवढ्या वेळात गवयाचा तंबोरा जुळत नाही.

तर एका संगीताकडे पैसे नव्हते आणि दुसऱ्याकडे तालीम. दोन्ही रिकाम्या हातांची संगीतं. मग ही दोन्ही एकत्र केली तर माझी गाडी भरते कशी, एवढाच माझा प्रश्न आहे.

कारण ती भरते. मागच्या दोन्ही सीट पाडाव्या लागतात. ड्रमसेट पाच तुकड्यांचा, पण झांजा, त्यांचे स्टँड, स्टूल आणि खाली अंथरायची सतरंजी धरली की पाचाचे पंधरा होतात. दोन गिटार, दोन अँप. मायक्रोफोनचे स्टँड, जे प्रत्येक वळणावर माझ्या मानेत घुसतात. दहा वायरी, ज्यांतल्या तीन बिघडलेल्या असतात आणि कुठल्या तीन ते कोणालाच माहीत नसतं. आणि ते पेटाड. बास गिटारचं आठ स्पीकरवालं कॅबिनेट, वजन 140 पौंड, म्हणजे साठ-पासष्ट किलो. वादक मंडळी त्याला ‘फ्रिज’ म्हणतात आणि त्यात जराही अतिशयोक्ती नाही. हा प्रकार 1969मध्ये पहिल्यांदा तयार झाला तो आमच्या घरापासून अर्ध्या तासावर, लिंडनमध्ये. म्हणजे हेही संकट स्थानिकच. इतर शहरांना आपल्या मातीत जन्मलेल्या गोष्टींचा अभिमान असतो. मी लिंडनवरून जाताना तोंड फिरवतो.

“जुन्या लोकांचा बास गळ्यात होता ना?” मी एकदा फ्रिजखालून विचारलं. “मग याच्या गळ्याला काय झालंय?”

“बाबा, तो गातो पण आणि वाजवतो पण,” कन्या म्हणाली. “आणि पाठीतून नको, गुडघ्यातून उचला.”

या मुलीकडे प्रत्येक तक्रारीला इतिहासाचा दाखला तयार असतो. तालमीसाठी गॅरेज गेलं, त्यामुळे आमच्या दोन्ही गाड्या जानेवारीत बाहेर बर्फात उभ्या राहिल्या आणि रोज सकाळी मी हातमोजे घालून काचा खरवडू लागलो. त्यावर दाखला असा, की पेंग्विन्सनी ‘अर्थ एंजल’ हे गाणं 1954मध्ये लॉस एंजेलिसला एका गॅरेजमध्येच रेकॉर्ड केलं, आणि शेजारचं कुत्रं भुंकलं की त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची. आमच्या शेजाऱ्यांकडेही कुत्रं आहे. फरक एवढाच, की लॉस एंजेलिसमध्ये कुत्र्यामुळे गाणं थांबायचं. एडिसनमध्ये गाण्यामुळे कुत्रं थांबलंय. ते आता भुंकतच नाही. शेजारीण त्याला घेऊन डॉक्टरकडे जाऊन आली, असं सौ.च्या कानावर आलंय. आम्ही दिवाळीला त्यांच्याकडे नेहमीपेक्षा मोठा डबा पाठवला.

गॅरेजपेक्षा बाथरूमचं प्रकरण अवघड. डू-वॉपला घुमारा लागतो. जुनी पोरं त्यासाठी जिने, सबवेची स्टेशनं, शाळेची स्वच्छतागृहं शोधत फिरायची. फरशी आणि टाइल्स फुकटात आवाज मोठा करून देतात. आमच्या घरात सर्वांत चांगल्या टाइल्स खालच्या बाथरूममध्ये आहेत. तेव्हा शनिवारी दुपारी चार तरुण माणसं तिथे कोंडून घेतात आणि आतून ‘शू-बी-डू’ येऊ लागतं. आईची खोली त्याला लागून. पहिल्या शनिवारी ती दाराबाहेर थोडा वेळ उभी राहिली आणि मग आत हाक मारून म्हणाली, “काय गं, शब्द विसरलात का?”

कन्येने आतूनच समजावलं की आजी, याला शब्दच नसतात.

“बरं बरं. तराण्याला तरी कुठे असतात,” म्हणत आई भिंतीला टेकून ताल धरायला लागली. तिला सम सापडली, तिने मान डोलावली, आणि बरोबर त्याच क्षणी आतल्या मंडळींनी गाण्याचा पंकचा भाग सुरू केला. आईने हात झटकन मागे घेतला. “हे आत्ता कोणी पडलं का?”

त्यांच्या गाण्यांची घडणच अशी आहे. सुरुवात गोड. सी, ए मायनर, एफ, जी. हेच चार कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे स्वरांचे गुच्छ, याच क्रमाने. 1950च्या दशकातली निम्मी प्रेमं त्यांच्यावर उभी आहेत असं म्हटलं तरी चालेल. पोरगी चंद्राकडे बघून गाते, मागचे तिघं हुंकार भरतात. मग ड्रमवाली काठीवर काठी आपटून चार मोजते आणि तेच चार कॉर्ड तिप्पट वेगाने धावू लागतात. चंद्र तोच, पोरगी तीच, फक्त आता दोघांचंही काही खरं नाही.

ही सोयरीक आमच्या पोरांनी जुळवलेली नाही, हेही सांगायला हवं. रामोन्सना जुन्या गर्ल ग्रुप्सचं इतकं वेड होतं, की 1980च्या अल्बमला त्यांनी निर्माता म्हणून अशा ग्रुप्सची गाणी घडवणाऱ्या फिल स्पेक्टरला घेतलं आणि त्यात रॉनेट्स या गर्ल ग्रुपचं गाणं म्हटलं. इथून जवळच्या लोडायमध्ये 1977मध्ये मिसफिट्स हा पंक बँड निघाला. चेहऱ्याला भुतांचे रंग आणि मागे कोरसमध्ये ‘वो-ओ-ओ’. ती भुतं काढून टाकली तर खाली कोपऱ्यावरची पोरंच उभी दिसतात. माझं हे ज्ञान उसनं आहे. गाडीत वीस-पंचवीस मैल जाताना रेडिओ माझ्या ताब्यात नसतो.

मला स्वतःला डू-वॉपमधलं एकच गाणं मनापासून आवडतं. फिलाडेल्फियाच्या सिल्हूट्सचं, 1958मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेलं ‘गेट अ जॉब’. सैन्यातून परतलेल्या मुलाच्या मागे आईने नोकरी शोध म्हणून लकडा लावला, त्यातून हे गाणं निघालं म्हणतात. इतकं निकोप गाणं दुसरं नसेल. मी प्रत्येक तालमीला त्याची फर्माईश करतो. बँडही नाही म्हणत नाही. फक्त ते एवढ्या वेगाने म्हणतात, की ‘शा-ना-ना’ तेवढं ऐकू येतं आणि नोकरीचा मुद्दा निसटून जातो.

या सगळ्यात माझ्या बाजूचा एकच माणूस आहे. बासवाल्याचे आजोबा. वय ऐंशीच्या पुढे, नेवार्कमध्ये वाढलेले, तरुणपणी चौघा मित्रांबरोबर डू-वॉप गायचे. तालमीला येतात आणि गॅरेजमध्ये घडीच्या खुर्चीवर बसून माझी ये-जा बघतात.

“आम्ही कंगवा न्यायचो,” ते एकदा म्हणाले.

“वाजवायला?”

“केसांना. बाकी काही लागायचं नाही. कोपऱ्यावर दिवा होताच.”

मी फ्रिज खाली ठेवला आणि त्यांच्याशी हस्तांदोलन केलं. तेवढ्यात त्यांनी नातवाला हाक मारली आणि सांगितलं की तुझा बास मला नीट ऐकू येत नाही, याहून मोठं काही मिळतंय का बघ.

कार्यक्रमाचे दिवस वेगळे. इथे जवळ न्यू ब्रुन्सविकला बेसमेंट शोची जुनी परंपरा आहे. कॉलेजची मुलं भाड्याची घरं घेतात आणि तळघरात गाण्याचे कार्यक्रम करतात. इथल्या तळघरांतून पुढे नावाजलेले बँडही निघालेत. (तळघराचाही दाखला असतोच: फाइव्ह सॅटिन्स या डू-वॉपवाल्यांनी 1956मध्ये आपलं सर्वांत गाजलेलं गाणं न्यू हेवनच्या एका चर्चच्या तळघरात रेकॉर्ड केलं. मी काही बोलायच्या आत मला तो देण्यात आला.) पोलिसांचा आणि घरमालकांचा त्रास नको म्हणून पत्रकावर पत्ता छापत नाहीत. तिथे लिहिलेलं असतं, ‘आस्क अ पंक’. पंकाला विचारा. आता मी पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, कमरेला फोनचं कव्हर. मी एका कोपऱ्यावर गाडी हळू केली, काच खाली केली आणि हिरव्या केसांच्या मुलाला अदबीने विचारलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मागच्या ड्रमकडे पाहिलं आणि विचारलं, “तुम्ही पोलीस आहात का?” शेजारून कन्या कुजबुजली, “बाबा, प्लीज, तुम्ही बोलू नका.”

सुरुवात सातला होती. म्हणजे सातला दार उघडणाऱ्याला शोधायला सुरुवात झाली. मंडळाच्या गणपतीत सांस्कृतिक कार्यक्रमाला होतो तो उशीर मी वर्षानुवर्षं नावाजत आलोय, पण इथे काम पुढच्या दर्जाचं होतं. त्या वेळात सामान उतरवलं. जिना अरुंद, छत एवढं खाली की माझ्यासारख्या मध्यम उंचीच्या माणसालाही पहिल्यांदाच उंच असल्याचा त्रास झाला. फ्रिज मी आणि तो न बोलणारा मुलगा मिळून उतरवत होतो. मधल्या पायरीवर तो बोलला. “सटकतंय,” म्हणाला.

तळघरात एका बाजूला कपडे वाळवायचं मशीन, दुसऱ्या बाजूला पाण्याचा हीटर, मध्ये आमचा बँड आणि उरलेल्या जागेत पन्नासेक मुलं. मी कानात नारिंगी फोमचे बोळे घातले. 100 डेसिबलला पंधरा मिनिटांच्या वर कान उघडे ठेवू नयेत असं इथली कामगार-आरोग्याची सरकारी संस्था सांगते, आणि आमचा कार्यक्रम अठरा मिनिटांचा. ती वरची तीन मिनिटं मला मोजून नडतात. दोन गाणी झाली. मुलं एकमेकांवर आदळत होती, पण इतक्या सौजन्याने, की पडलेल्याला लगेच चौघं उचलत होते. आजोबा वाळवणाच्या मशीनवर बसून पाय हलवत होते. तिसऱ्या गाण्याला ड्रमवालीने काठ्या आपटल्या, चार मोजले, आणि खटकन अंधार झाला. वर कोणीतरी मायक्रोवेव्ह लावला होता म्हणे. घराचा ब्रेकर उडाला.

मोबाइलचे दिवे लागले. कोणी म्हणालं पॅनल कुठे आहे, कोणी म्हणालं घरमालकाला फोन नको. आणि त्या गोंधळात कन्येने नुसत्या गळ्यावर गाणं सुरू केलं. बासवाल्याने गिटार खाली ठेवलं आणि ‘बॉम-बॉम’ धरलं. न बोलणारा मुलगा ‘शू-बी-डू’ म्हणत होता, आणि चक्क सुरेल. मशीनवरून आजोबांनी आणखी खालचा एक सूर लावला, तेव्हा सगळी मुलं वळून त्यांच्याकडे बघायला लागली. मी कानातले बोळे काढले. काँक्रीटच्या भिंती काय घुमत होत्या! एक वायर नाही, एक बटण नाही. मी त्या फ्रिजला टेकून उभा होतो. माझा मुद्दा इतक्या लोकांसमोर सिद्ध होत होता आणि दुजोरा द्यायला फक्त आई तिथे नव्हती.

बाहेर आल्यावर बँडने टोपीत जमलेले डॉलर चारांत वाटले, पेट्रोलचे मला दिले, आणि पिझ्झाला मागून घेतले. सामान चढवून झाल्यावर मी संधी साधली.

“बघितलंस ना? सामान नसलं तरी काय रंगलं!”

“हो ना बाबा!” तिचे डोळे चमकत होते. “लाइट गेल्यावर कसला भारी आवाज आला! मी तेव्हाच ठरवलं. आपल्याला तसाच, चर्चसारखा भरलेला आवाज पाहिजे. एक जुना हॅमंड ऑर्गन मिळतोय. फुकट.”

“फुकट कसा?”

“चारशे पौंडांच्या वर आहे म्हणून. पॅरामसला एका आजींकडे आहे. आपण फक्त जाऊन उचलून आणायचा.” तिने सीटबेल्ट लावला. “वरच्या मजल्यावर आहे, पण जिना सरळ आहे म्हणाल्या.”