गावच्या विहिरीचा निर्णय गावातच व्हावा

जल जीवन मिशन ही घरोघरी नळानं पाणी देण्याची केंद्राची योजना. तिचा मापदंड माणशी रोज ५५ लिटर. आकडा दिल्लीनं ठरवला, हरकत नाही. पण पंधराशे वस्तीच्या गावाला त्या हिशोबानं रोज ८२,५०० लिटर लागतात, आणि ते कुठल्या विहिरीतून येणार हे दिल्लीला सोडा, जिल्ह्याच्या ठिकाणीही कळत नाही.

मराठवाड्यात बहुतेक भागात खाली काळा पाषाण. त्याच्या भेगांत जेवढं मुरलं तेवढंच पाणी. उपसा चाचणी दिवाळीच्या आसपास घेतली की कुठलीही विहीर पास होते. खरी चाचणी एप्रिलअखेरची. पंप लावायचा, पातळी तासागणिक मोजायची, पंप बंद केल्यावर ती किती तासांत परत येते तेही लिहायचं. तासाला ५,००० लिटर उपसणारा पंप चार तासांत हवा ओढायला लागला, तर उपसा २०,००० लिटर. उरलेल्या ६२,५०० लिटरचं काय? टाकी उभी, पाइप पुरलेले, नळ बसलेले, कागदावर योजना पूर्ण. कुठली विहीर मे महिन्यात टिकते हे गावातला कुठलाही बागायतदार सांगेल. त्याला अंदाजपत्रक तयार होण्याआधी विचारा ना.

टँकरचंही तेच. ग्रामपंचायतीचा ठराव, तो पंचायत समितीत, मग गटविकास अधिकारी आणि तहसीलदारांची पाहणी, मग वरची मंजुरी. माणशी २० लिटर धरले तरी त्याच पंधराशेच्या गावाला रोज १०,००० लिटरच्या तीन खेपा. तेवढ्यासाठी फाईल फिरत राहते आणि लोक विकतचं पाणी घेतात.

पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू आहे. पंचायतींकडे सोपवता येतील असे अकराव्या अनुसूचीत २९ विषय, त्यात पिण्याचं पाणी आहेच. पण अधिकार किती द्यायचे हे राज्याच्या मर्जीवर सोडलं. पैशांचं म्हणाल तर पंधराव्या वित्त आयोगात ग्रामपंचायतींचा ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित झाला, म्हणजे त्यावरच खर्च करायचा, ४० टक्के अबंधित. कोकणातल्या गावाला आणि धाराशिवमधल्या दुष्काळी भूम-परंड्याच्या गावाला वाटणी एकच! अबंधितातूनही पगार देता येत नाही, म्हणजे नळ सोडणाऱ्या माणसाचा पगार शेवटी गावाच्या वसुलीवर. ती होत नाही, योजना बंद पडते.

म्हणून घरपट्टी-पाणीपट्टीचं बोलणं टाळून स्थानिक स्वराज्याच्या गप्पा मारू नयेत. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना कर भरणाऱ्याला मोफत दळण मिळायचं. हा तोडगा मंत्रालयातल्या कुठल्या कक्षाला सुचला असता असं मला वाटत नाही.

"सरपंच खातात" हा आक्षेप नेहमीचा, आणि बऱ्याचदा खरा. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी कमी ती. लोक येत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही. मग दहा-बारा जण बसून वर्षाचा आराखडा मंजूर करतात. भोक इथं आहे. पण खोटी पाइपलाइन दाखवणारा सरपंच रोज त्याच पारावर बसतो, त्याच्याकडं झालेल्या कामाची मोजमाप पुस्तिका मागता येते. दिल्लीत कुणाकडं मागायची?

सगळंच गावाकडं द्या, असंही नाही. नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडायचं की नाही हे कुठली ग्रामपंचायत ठरवणार? त्याला वरचं प्राधिकरणच हवं, २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा त्यासाठीच आहे. नदी अनेकांची, तिथं वरची सत्ता. विहीर एका गावाची, तिथं गाव.

मधली जिल्हा परिषद मात्र या वादात कुणालाच आठवत नाही. २०१७ मध्ये निवडून आलेल्यांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि पुढची कित्येक वर्षं प्रशासकानं कारभार पाहिला. निवडून आलेलं मंडळ नाही म्हणून वित्त आयोगातला जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांचा प्रत्येकी १० टक्के वाटाही अडकला. निवडणूक लांबवली वरच्यांनी, दंड भरला खालच्यांनी.