होय, ठेकेदारच

नमस्कार. जोतीराव फुल्यांच्या धंद्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "महात्म्याला ठेकेदार करून टाकलंत, लाज नाही वाटत?" पुढेही बरंच लिहिलंय, पण आधी हे. मतभेद मी ऐकून घेतो. लाज काढायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

एक चूक मान्य. पुणे नगरपालिकेत ते 'निवडून आले' असं मी लिहिलं होतं. १८७६ ते १८८२ ते सभासद होते, पण सरकारी नेमणुकीने. दुरुस्त केलंय.

आता ठेकेदारी. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी त्यांचीच. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल, खडकवासल्याचं धरण ही नावं तिच्या कामांत येतात. यात कमीपणा कसला?

माझे वडील तालुक्याला रस्त्यांसाठी खडी पुरवायचे. नऊ वर्षांचा मी टेपचं दुसरं टोक धरून ढिगाशी उभा असायचो. सरकारी ओव्हरसियर आधी बुटाने ढिगाचा माथा खाली सारायचा, मग उंची घ्यायचा, आणि मोजमापाच्या पुस्तकात दहा ब्रासचे (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) आठ मांडायचा. हटकलं की बिल तीन-तीन महिने अडकायचं. तरी शनिवारचा मजुरांचा पगार वडिलांनी एकदाही चुकवला नाही. ठेकेदार म्हणजे चोर हे तुम्ही धरूनच चाललात, म्हणून तुम्हाला तो शब्द शिवीसारखा लागला. मला नाही लागत.

इंजिनियर खात्यातल्या लुबाडणुकीवर जोतीरावांचा पवाडा आहे. तो वाचा. कामावर उभं राहून, बिलासाठी खेटे घालून ज्याने हे पाहिलंय त्याची ती भाषा आहे. आणि व्हाइसरॉयच्या स्वागताला १००० रुपये खर्चायचं ठरलं तेव्हा नगरपालिकेच्या ३२ सभासदांत विरोध करणारे हे एकटेच. ते पैसे शिक्षणाला द्या, म्हणाले. नेमणूक सरकारची, कामं सरकारची, आणि विरोध सरकारच्या बड्या पाहुण्यावरच्या खर्चाला! 'सरकारचे मिंधे' हा तुमचा शब्द इथे कुठे बसवता, सांगा.

पुण्याच्या मंडईच्या खर्चाला त्यांचा विरोध होता हे मी सांगितलं नाही, हे तुमचं म्हणणं लेख न वाचताच लिहिलेलं दिसतं. ते मी लिहिलेलंच आहे. बाकीच्या मुद्द्यांत शिरत नाही, तेवढा वेळ नाही.

शीर्षकात 'ठेकेदार' आहे, तो तसाच राहील.